आत गुंडू, बाहेर टोल-फ्री नंबर

लोक मला विचारतात, "अक्का, फ्रिज कोणत्या कंपनीचा घ्यावा?" मी सांगते, "जिचा फोन माणूस उचलतो तिचा घ्या." ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करते. मी अजिबात चेष्टा करत नाही. फ्रिज सगळेच गार करतात. तो गार करायचा थांबला की खरी कंपनी कळते.

मी घरगुती यंत्रं दुरुस्त करते. वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर आणि अलीकडे एसीसुद्धा. राहते बिदरला, फिरते स्कूटीवर. पायाशी हत्यारांची पिशवी. हुमनाबादच्या ढाब्यांवरचे मोठाले फ्रिज दुरुस्तीला माझ्याकडेच असतात. माहेर हळ्ळीखेड (बी). आमचे दादा, म्हणजे वडील, शेती सांभाळून गावातल्या पाण्याच्या मोटारी खोलत बसायचे आणि मी त्यांच्यासमोर बसून नटबोल्ट वाटीत गोळा करायची. तिथनं हा नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. नवीन मशीन बाजारात आलं की मला ते आतून बघायची घाई होते. नवी साडी दुकानात तशीच लटकत राहिली तरी चालेल, पण नव्या मशीनचं मागचं झाकण उघडायला मिळालं पाहिजे!

पण त्याच्या आधी कित्येक वर्षं मी हैदराबादला कॉल सेंटरमध्ये होते. मराठी, कन्नड आणि हिंदी, तिन्ही येणारी मुलगी त्यांना हवीच होती, आणि आमच्या भागात तशी मुलगी दर घरात एक सापडते. म्हणजे त्या टोल-फ्री नंबरच्या दोन्ही टोकांना मी बसलेली आहे.

बाहेरच्यांना वाटतं, फोनवरच्या बाईला सगळं माहीत असतं आणि ती मुद्दाम सांगत नाही. तसं नसतं हो. तिच्यासमोर तुमचं मशीन नसतं, एक स्क्रीन असते. स्क्रीनवर प्रश्न येतो, तो तिनं वाचायचा. तुम्ही उत्तर दिलं की पुढचं वाक्य येतं, तेही वाचायचं. बोलणं लांबलं की पाठीमागे साहेब येऊन उभा राहतो. तुम्ही ओरडलात तरी तिनं ओरडायचं नाही, आणि फोन तर ठेवायचाच नाही. वर सगळं रेकॉर्ड होत असतं.

एकदा काय झालं, मी नेहमीसारखं "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" म्हटलं आणि पलीकडून आवाज आला, "ए, तू करुणा न्हवं का गं?" आमच्या हळ्ळीखेडच्या शेजारच्या शेवंतामावशी! मिक्सर बंद पडला म्हणून त्यांनी नंबर फिरवला होता आणि सगळ्या हिंदुस्थानातून तो नेमका माझ्याच कानात येऊन पडला.

ओळख दाखवायला परवानगी नव्हती. मी म्हटलं, "मॅडम, आपली तक्रार सांगा."

"मॅडम? मला मॅडम म्हणायलीस व्हय? माझ्या अंगणात चड्डी सांभाळत फिरायचीस की गं!"

"मॅडम, मिक्सरचा मॉडेल क्रमांक..."

"मिक्सर मरू दे. तू घरी कवा यायलीस ते सांग. तुझी आई वाट बघायली."

साहेब दोन खुर्च्या सोडून उभा होता. मी गळा साफ केला आणि म्हटलं, "मॅडम, आपली विनंती नोंदवली आहे. पुढच्या सणाला आमचे तंत्रज्ञ प्रत्यक्ष भेट देतील." मावशींनी गावभर सांगितलं की हैदराबादला जाऊन पोरीचं डोकं फिरलंय. सणाला मी गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून मिक्सर दुरुस्त केला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

आता यंत्रंच बोलायला लागलीत. भालकीकडच्या एका अप्पांनी आवाजावर चालणारा टीव्ही घेतला. मी शेजारी फ्रिज बघायला गेले तर हे रिमोट तोंडाशी धरून ओरडत होते, "बातम्या लाव की रे!" टीव्हीनं बटाट्याच्या भाजीची कृती लावली. मग अप्पांनी कन्नडमध्ये सांगितलं. टीव्हीनं कुठलंसं लग्न दाखवलं. शेवटी ते दख्खनीत खेकसले, "अरे, खबरां लगा रे!" आणि बातम्या लागल्या! अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला आपली भाषा येत न्हाई, मग आपल्या गावात इकायला कामून आलाय?" ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कंपनीला सापडलं असेल तर कळवावं.

पण आज सांगायची आहे ती नौबादची सकाळ. आठवली की अजून अंगावर काटा येतो.

नौबादच्या एका नव्या वसाहतीत मी वॉशिंग मशीनचा पट्टा बदलत होते. घर साळवे काकांचं. काका निवृत्त शिक्षक, वस्तीतल्या बुद्धविहाराची व्यवस्था तेच बघतात. पट्टा चढवून चाक फिरवून बघते तोवर बाहेर बाईमाणसाची किंकाळी ऐकू आली. आम्ही दोघंही तसेच धावलो.

समोरच्या घराच्या दारात अश्विनी उभी होती. पंचविशीतली पोर, ह्याच गल्लीत नवी राहायला आलेली. एका हातात कचऱ्याची रिकामी बादली आणि दुसऱ्या हाताने दार बडवत होती. नगरपालिकेची गाडी गाणं वाजवत आली म्हणून ती कचरा टाकायला चार पावलं बाहेर आली, आणि वाऱ्याने दार लागलं. दार कसलं, तिजोरीच ती! सबंध पोलादी, आणि त्याला नवं कोरं डिजिटल कुलूप. किल्लीची भानगड नको म्हणून नवऱ्यानं हौसेनं बसवलेलं. अंगठा टेकवला की उघडतं, दार ओढलं की आपोआप बंद होतं.

"अंगठा लाव की," मी म्हटलं.

"लावायलेच अक्का! लाइटच लागंना!"

कुलपाची बॅटरी संपली होती. नंतर कळलं, कितीतरी दिवस ते कुलूप दार उघडताना एक बारीक सूर वाजवत होतं. घरच्यांना वाटलं, दार स्वागत करतंय. ते बिचारं बॅटरी बदला म्हणून ओरडत होतं.

"आत कोण आहे?"

"गुंडू," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "दोन वर्षांचा आहे. अन् गॅसवर दूध ठेवलंय."

मी पुढच्या खिडकीतून पाहिलं. गजांतून हात घालायची सोय नव्हती, आत बारीक जाळी होती. गुंडू बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून आईचा मोबाइल हातात घेऊन खेळत होता. आम्हाला पाहून तो हसला. सासू लग्नाला औरादकडे गेलेली, नवरा हुमनाबादच्या कारखान्यात कामावर. कुलपाची जादा किल्ली कपाटात, म्हणजे आतच. मागचं दार आतून कडी लावलेलं.

गल्ली बघता बघता भरली. कुणी पहार आणली. पहारीनं त्या दारावर ओरखडे उठले, बाकी काही झालं नाही. कोपऱ्यावरचे वेल्डिंगवाले खलीलभाई ग्राइंडर घेऊन धावत आले. "बाजी, हटो, मैं काट देतूं."

कुलपाखाली चिकटवलेल्या कागदावर टोल-फ्री नंबर होता. मी माझा फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि नंबर फिरवला. कुलूप हा माझा प्रांत नाही, मी त्या आधी असलं कुलूप कधी खोललेलं नव्हतं. पण तो नंबर मात्र माझा प्रांत होता.

"आपले स्वागत आहे," यंत्र म्हणालं. "कृपया आपली समस्या थोडक्यात बोला."

"दार उघडा!" अख्खी गल्ली ओरडली.

"क्षमा करा, आम्हाला समजले नाही. आपल्याला नवीन दार खरेदी करायचे आहे का?"

"गप बसा सगळे!" मी ओरडले. "कुणी एक शब्द बोलू नका!"

हे आमच्या धंद्यातलं गुपित. यंत्राशी बोलायचं नाही, बटणही दाबायचं नाही. मुकाट राहायचं. यंत्र दोनदा विचारतं, मग कंटाळतं आणि माणसाकडे पाठवतं. सगळी गल्ली ओठ मिटून उभी राहिली. अश्विनीनं पदर तोंडात कोंबला होता. आणि मग वाजायला लागलं ते संगीत, मधूनमधून "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगणारं. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं होतं! त्या दिवशी दारात उभी राहून ते ऐकताना वाटलं, ज्यानं लिहिलं त्याला इथं आणून उभं करावं.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दूध उतू गेलं होतं. आणि पाठोपाठ दुसरा वास. साळवे काकांनी माझ्याकडे पाहिलं. "करुणाबाई, गॅसचा वास यायलाय."

दुधानं ज्योत विझवली होती आणि शेगडी चालूच होती.

खलीलभाईंनी ग्राइंडरची वायर कुणाच्या तरी घरात लावलीसुद्धा होती. पातं दाराला टेकणार एवढ्यात मी त्यांचा हात धरला. "भाई, ठिणगी नको! आत गॅस भरायलाय!" त्यांचा चेहरा पांढरा पडला. ग्राइंडर त्यांनी असा खाली ठेवला जणू हातात साप होता. दुसऱ्या क्षणी मागच्या गल्लीकडे धावले आणि पहारीनं स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली, निदान हवा तरी खेळेल म्हणून. तिथंही गज होते, आत शिरता येईना; शेगडी लांब होती, काठीही पोचेना. मी बाहेरच्या मीटरजवळ जाऊन घराची वीज बंद केली. पोरानं एखादं बटण दाबलं असतं तर!

आणि संगीत थांबलं.

"नमस्कार, मी शीतल. मी आपली काय मदत करू शकते?" गोड, स्वच्छ, पुस्तकी मराठी.

"शीतल, दोन वर्षांचं मूल आत अडकलंय. तुमच्या कुलपाची बॅटरी गेलीय. घरात गॅस भरतोय."

तिनं कुलपाचा क्रमांक विचारला, मी त्या कागदावरून वाचून दाखवला. मग, "मॅडम, मी आपली अडचण समजू शकते. पडताळणीसाठी नोंदणीकृत मोबाइलवर एक ओटीपी पाठवला आहे. कृपया तो सांगा."

आतून टिंग असा आवाज आला. गुंडूच्या हातातल्या मोबाइलवर ओटीपी आला होता. त्यानं तो आनंदानं पुसून टाकला.

गल्लीत कुणीतरी शिवी हासडली. मला राग आला नाही. मला ती स्क्रीन दिसत होती, ते वाक्य दिसत होतं, ते वाचणारी पोर दिसत होती. मी म्हटलं, "शीतल, मी तुझ्यासारख्याच खुर्चीत कैक वर्षं बसलेय. मला माहीत आहे तुला काय वाचावं लागतंय. आता वाचू नकोस. तुझ्या शेजारी ज्यानं हे कुलूप हाताळलंय त्याला विचार. साहेब ओरडला तर ओरडू दे."

पलीकडे एकदम शांतता पसरली. फोन तुटला असं अश्विनीला वाटलं. "न्हाई," मी तिला सांगितलं, "संगीत लागलं असतं तर आपल्याला बाजूला ठेवलं असं समजायचं. संगीत न्हाई, म्हणजे ती तोंडाजवळचा माइक बंद करून कुणाला तरी विचारायली."

आणि तसंच निघालं! शीतल परत आली ती धापा टाकत. "मॅडम, ऐका. बाहेरून, कुलपाच्या अगदी तळाशी बोट फिरवा. दोन बारीक टिकल्या लागतात का?"

मी जमिनीवर बसले, मान वाकडी केली. "लागतात!"

"तिथं नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून धरा. चौकोनी असते ती, वर दोन बटणं असलेली. बाहेरून वीज मिळेल. मग अंगठा लावा."

चौकोनी बॅटरी! ती तर माझ्या मीटरमध्ये असते, वीज तपासायच्या. मी काकांच्या घरातली पिशवी आणायला ओरडले, मीटरचं झाकण नखानं उघडलं, बॅटरी काढली आणि टिकल्यांना टेकवली. कुलूप निळं उजळलं! गल्लीतून एकच आवाज उठला. अश्विनीनं अंगठा टेकवला. कुलूप "टिर्र" असं काहीतरी पुटपुटलं आणि विझलं. परत टेकवली, परत उजळलं, परत विझलं. माझी बॅटरी जुनी झाली होती. उजेडापुरता दम होता, कडी ओढायला नव्हता.

"शीतल, बॅटरी कमी पडायली!"

"दुसरी बघा, मॅडम. मी लाइनवर आहे. मी कुठंही जात नाही."

गल्लीत कुणाच्या घरी असली बॅटरी असणार? भिंतीवरच्या घड्याळाची लहान, रिमोटची लहान, बॅटरीचा रेडिओ कुणाकडे उरलेला नाही. तेवढ्यात साळवे काकांनी कपाळावर हात मारला. "माइक! विहारातला बिनवायरचा माइक! परवाच नवी घातलीय!"

आणि काका धावले. गुडघे दुखतात म्हणून मला वॉशिंग मशीन उंचावर बसवायला सांगणारे काका, धोतराचा सोगा हातात धरून असे पळाले की पोरंसोरं मागं राहिली. बाळ आता रडायला लागलं होतं. काच फुटल्याच्या आवाजानं भ्यालं असेल किंवा वासानं. अश्विनी खिडकीच्या जाळीला ओठ लावून, रडू गिळत त्याला सांगत होती, "गुंडू, तू दारापाशी ये, हितं ये सोन्या, आई हितंच आहे."

काका आले ते आख्खा माइकच घेऊन. मी बॅटरी उपसून काढली आणि टिकल्यांना दाबली. निळा उजेड, ह्या वेळी भक्कम, डोळ्यात भरणारा.

"अंगठा!"

तिनं टेकवला. लाल दिवा लागला.

"परत लाव!" पुन्हा लाल.

"मॅडम," फोनमधून शीतल म्हणाली, "हात ओले आहेत का?"

सकाळपासून भांडी घासून अश्विनीची बोटं सुरकुतली होती, त्यात घाम आणि आसवं. "लाल दिवा जास्त वेळा लागला तर कुलूप काही वेळ बंद पडेल," शीतल म्हणाली. "घाई करू नका. हात पुसा. कोरडे करा. मग सावकाश ठेवा."

मी माझ्या ओढणीनं तिचा अंगठा पुसला. एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसा. तिनं डोळे मिटले आणि अंगठा ठेवला.

हिरवा.

आतल्या आत काहीतरी गरगरलं, खट् झालं आणि ते पोलादी दार चक्क स्वतःहून बोटभर सरकलं. मी नाकाला ओढणी धरून थेट स्वयंपाकघरात शिरले, शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला. वळून पाहते तर अश्विनी गुंडूला घेऊन रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि दोघंही गळे काढून रडत होते. खलीलभाई भिंतीला टेकून डोळे पुसत होते. काकांना कुणीतरी पाणी पाजत होतं.

गुंडूला काहीही झालं नाही. डॉक्टरांनी तपासलं, दिवसभर झोपला, संध्याकाळी बिस्किटासाठी भांडला. नवऱ्यानं कुलूप काढून फेकायचं ठरवलं होतं. मीच म्हटलं, "काढू नका, चांगलं कुलूप आहे. बॅटरी वेळेवर बदला आणि किल्ली काकांकडे ठेवा." यंत्रावर माझा राग नाही. कधीच नव्हता. ते बिचारं त्याला जमेल त्या भाषेत आधीच सांगत होतं. राग आहे तो, अडचणीच्या वेळी माणूस सापडू नये अशी सोय ज्यांनी करून ठेवलीय त्यांच्यावर. कंपनीला मी तसं कळवलं आणि शीतलचं कौतुकही कळवलं. उत्तर आलं ते यंत्राचं. त्या नंबरावर पुन्हा फोन करून "शीतलला द्या" म्हणता येत नाही. एकदा फोन ठेवला की ते माणूस गर्दीत हरवलं. शीतल हे तिचं खरं नाव होतं की कामावरचं, तेही मला माहीत नाही.

पण दार उघडल्यावरचं सांगायचं राहिलं.

मी घरातून बाहेर आले तेव्हा माझा फोन उंबऱ्यावर उताणा पडलेला होता आणि चालूच होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "मॅडम? मॅडम, उघडलं का? कुणीतरी सांगा ना."

इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसले, हजारो लोकांच्या अडचणी ऐकल्या, पण पुढं काय झालं ते मला एकदाही कळलं नव्हतं. लोक फोन ठेवतात आणि आपण पुढचा उचलतो. मी फोन उचलला आणि रस्त्यात बसलेल्या त्या मायलेकरांपाशी नेऊन धरला. गुंडू मोठ्यानं रडत होता. इतकं निरोगी रडणं मी कधी ऐकलं नाही.

पलीकडे शीतलनं ते ऐकलं. तिच्या मागच्या खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणीतरी. आणि मग फोनमधून असा गलका उठला की आमच्या गल्लीतल्या लोकांनी माना वळवल्या.

तो शमल्यावर ती नाक ओढत म्हणाली, "मॅडम, मला हे विचारावंच लागतं. मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

अश्विनीनं माझ्या हातातून फोन घेतला. पोराला खांद्यावर सावरत, पदरानं तोंड पुसत, घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं, "बाई, तुमचं जेवण झालंय का?"

पलीकडची ती पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली आणि अगदी आमच्या गावाकडच्या, घरातल्या आवाजात उत्तर आलं, "न्हाई की वो अक्का, अजून न्हाई."